ताऱ्यांचे वय विचारणारा खगोलज्ञ : वाल्टर बाडे

काळोख्या रात्री माळरानावर दूर एक दिवा दिसावा. तो जवळच्या झोपडीतील मिणमिणता कंदील आहे की कोसभर अंतरावरील प्रखर बत्ती, हे नुसत्या डोळ्यांना उमगत नाही. दिव्याचे अंगभूत तेज ठाऊक असेल, तरच त्याच्या दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. विश्वाचे मोजमाप करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांची अडचण नेमकी हीच असते. ज्यांचे अंगभूत तेज ठाऊक आहे असे दिवे त्यांना आकाशात हवे असतात; आणि असा एखादा दिवा सापडला, की त्या जातीचे सारे दिवे सर्वत्र आणि सर्वकाळ सारखेच जळत असणार, असे गृहीत धरण्याचा मोह होतो. हा मोह किती महागात पडतो ते ज्यांनी दाखवून दिले, आणि ज्यांनी स्वतःही एकदा त्याच वाटेवर पाऊल टाकले होते, त्या वाल्टर बाडे यांचे हे चरित्र.

बाडे यांचा जन्म २४ मार्च १८९३ रोजी जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतातील श्रॉटिंगहाउझेन या खेड्यात झाला. वडील शाळामास्तर. मुलाने धर्मशास्त्र शिकून धर्मोपदेशक व्हावे, अशी घरची इच्छा होती. परंतु शाळकरी वयातच त्याची दृष्टी आकाशाकडे वळली आणि ती तेथेच राहिली. जन्मतःच कमरेच्या सांध्यात दोष असल्याने बाडे आयुष्यभर लंगडत चालले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या पिढीतील असंख्य तरुण खंदकांत मारले गेले. बाडे यांना मात्र या व्यंगामुळे आघाडीवर जावे लागले नाही. म्युन्स्टर आणि गटिंगेन येथे त्यांचे शिक्षण झाले. १९१९ साली गटिंगेनची डॉक्टरेट मिळताच ते हँबुर्गजवळच्या बेर्गेडोर्फ येथील वेधशाळेत रुजू झाले.

बेर्गेडोर्फला एक मीटर व्यासाची दुर्बीण होती. तिच्यावर बाडे यांनी निरीक्षणाची जी तालीम केली, तिचेच फळ पुढे आयुष्यभर मिळत राहिले. १९२० साली त्यांना हिडाल्गो हा लघुग्रह सापडला. त्याची कक्षा थेट शनीच्या कक्षेपर्यंत पोहोचते. असा लघुग्रह तोवर कोणी पाहिला नव्हता. दोन वर्षांनी त्यांनी एक धूमकेतू शोधला. परंतु त्यांचे मन रमले होते ते रूपविकारी ताऱ्यांत, म्हणजे ज्यांचे तेज ठरावीक काळाने वाढते व घटते अशा ताऱ्यांत, आणि एकाएकी उजळून विझणाऱ्या नवताऱ्यांत.

याच वेधशाळेत त्यांची बर्नहार्ट श्मिट यांच्याशी मैत्री झाली. श्मिट हे एस्टोनियात जन्मलेले भिंगकार. बालपणी स्फोटकांशी खेळताना त्यांनी उजवा हात गमावला होता आणि उरलेल्या एका हाताने ते आरसे घासत असत. १९२९ साली सूर्यग्रहण पाहण्यासाठी हे दोघे फिलिपाइन्सला निघाले. बोटीवरच्या लांबलचक प्रवासात श्मिट यांनी आपल्या मनातील एका नव्या कॅमेऱ्याची कल्पना बाडे यांना ऐकवली. आकाशाचा विस्तृत पट्टा एकाच छायाचित्रात स्पष्ट टिपणारा हा कॅमेरा होता. बाडे यांनी त्या कल्पनेचे मोल ताबडतोब ओळखले. एक लंगडा आणि एक थोटा, अशा दोन माणसांच्या त्या संभाषणातून खगोलशास्त्राला पुढील अर्धशतकभर पुरणारे साधन मिळाले.

१९३१ साली बाडे कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत दाखल झाले. तेथे १०० इंची, म्हणजे सुमारे अडीच मीटर व्यासाची, त्या काळातील जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. शेजारच्या पॅसाडेना शहरातील तंत्रशिक्षण संस्थेत फ्रिट्झ झ्विकी हे स्विस भौतिकशास्त्रज्ञ होते. बाडे शांत, गप्पिष्ट आणि विनोदी, तर झ्विकी तापट आणि कोणाचीही भीड न बाळगणारे. मातृभाषेच्या धाग्याने दोघे जवळ आले.

त्यांच्यापुढील कोडे जुने होते. १८८५ साली देवयानी तारकासमूहातील त्या प्रसिद्ध दीर्घिकेत एक नवा तारा उजळला होता. तो साधा नवतारा मानला, तर देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या अगदी जवळ येत होती. पण एडविन हबल यांनी १९२३ पासूनच्या निरीक्षणांतून ती आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर असल्याचे दाखवले होते, आणि तेवढ्या अंतरावरून दिसायचे तर त्या ताऱ्याचे अंगभूत तेज नेहमीच्या नवताऱ्याच्या हजारो पट असायला हवे होते. म्हणजेच स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या जाती दोन होत्या आणि त्या एकच समजल्याने अंतरांचा गोंधळ माजला होता. १९३४ साली बाडे आणि झ्विकी यांनी या दुसऱ्या जातीला सुपरनोव्हा हे नाव देऊन शास्त्रात तिची प्रतिष्ठापना केली. मराठीत आपण तिला अतिनवतारा म्हणतो. एवढ्यावर न थांबता त्यांनी असेही सुचवले, की अशा स्फोटात साधा तारा कोसळून न्यूट्रॉनांचा बनलेला अतिघन तारा मागे उरत असावा. न्यूट्रॉन या कणाचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. विज्ञानाच्या इतिहासात इतके धाडसी आणि इतके अचूक अनुमान क्वचितच आढळते.

झ्विकी यांनी श्मिट पद्धतीच्या कॅमेऱ्याने अतिनवतारे शोधायचे आणि बाडे यांनी १०० इंची दुर्बिणीवर त्यांचा पाठपुरावा करायचा, अशी वाटणी झाली. १९३७ च्या ऑगस्टमध्ये एका अंधूक दीर्घिकेत झ्विकींना एक तेजस्वी अतिनवतारा सापडला. बाडे यांनी त्याचा सहाशेहून अधिक दिवस पिच्छा पुरवला. तो मंदावत मंदावत दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत त्याचे तेज ते मोजत राहिले. १९३८ साली त्यांनी तोवरच्या सर्व उपयुक्त अतिनवताऱ्यांची कमाल तेजस्विता एकत्र मांडली. साध्या नवताऱ्यांच्या तेजात फार तफावत असते. अतिनवताऱ्यांची तेजे मात्र एकमेकांच्या बरीच जवळ होती. म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजायला हे स्फोट मापदंड म्हणून वापरता येतील, अशी आशा निर्माण झाली. आजच्या विश्वरचनाशास्त्राचा एक मोठा खांब या निबंधावर उभा आहे.

त्या निबंधात एक खोट होती. बाडे यांनी सारे अतिनवतारे एकाच रांगेत बसवले होते. त्यांचा जुना मित्र रुडॉल्फ मिन्कोव्स्की ज्यू वंशाचा असल्यामुळे नाझी राजवटीत हँबुर्गची प्राध्यापकी गमावून बसला होता. १९३५ साली तो बाडे यांच्या मदतीने माउंट विल्सनला आला. अतिनवताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट घेण्याचे काम त्याच्याकडे होते. १९४१ साली मिन्कोव्स्कीने चौदा अतिनवताऱ्यांचे वर्णपट तपासले, तेव्हा त्यांतील नऊ एका प्रकारचे आणि पाच अगदी वेगळ्या प्रकारचे निघाले. दुसऱ्यांत हायड्रोजनच्या खुणा होत्या, पहिल्यांत नव्हत्या. साध्या नवताऱ्यांतून अतिनवतारे वेगळे काढणाऱ्या बाडे यांच्याच पेटीत पुन्हा दोन जातींची सरमिसळ झालेली होती. मित्राने दाखवलेली ही चूक बाडे यांनी निमूट मान्य केली. पहिल्या प्रकारचे अतिनवतारे वेगळे काढल्यावर त्यांच्या तेजांतील फरक आणखी कमी झाला आणि मापदंड अधिक विश्वासार्ह ठरला. दोघांनी मिळून मग १०५४ साली चिनी निरीक्षकांनी पाहिलेल्या स्फोटाच्या अवशेषाचा, म्हणजे वृषभ राशीतील खेकडा तेजोमेघाचा, सखोल अभ्यास केला आणि त्याच्या मध्यभागी असलेला तारा हाच स्फोटानंतर उरलेला अवशेष असावा, असे १९४२ साली मांडले.

तोपर्यंत अमेरिका युद्धात उतरली होती. बाडे यांनी अमेरिकन नागरिकत्वासाठी पूर्वी अर्ज केला होता, पण घर बदलताना कागदपत्रे हरवली आणि पुन्हा नव्याने खटपट करण्याचा त्यांनी कंटाळा केला. आकाशातील हजारो ताऱ्यांची नोंद चोख ठेवणाऱ्या माणसाचा हा वेंधळेपणा त्यांना चांगलाच भोवला. जर्मन नागरिक म्हणून ते शत्रुराष्ट्राचे परकीय ठरले आणि रात्री आठ ते सकाळी सहा घराबाहेर पडायला त्यांना बंदी झाली. खगोलज्ञाला याहून कठोर शिक्षा कोणती असू शकेल? वेधशाळेचे संचालक वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी लष्करी अधिकाऱ्यांकडे रदबदली करून त्यांच्यासाठी सवलत मिळवली. हबल आणि इतर सहकारी युद्धकार्यासाठी दूर गेले होते. हवाई हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिसचे दिवे मंद केलेले होते. अशा रीतीने जगातील सर्वांत मोठी दुर्बीण आणि कित्येक वर्षांत लाभला नव्हता असा काळोख, ही दोन्ही एका लंगड्या परकीयाच्या वाट्याला आली.

देवयानी दीर्घिकेच्या फाट्यांमधील निळे तारे हबल यांनी सुटे सुटे पाहिले होते. तिचा मधला भाग मात्र धुकट तेजाच्या गोळ्यासारखाच दिसे. तेथे तारे असतीलच, तर ते निळे नसून लाल असावेत, असा तर्क करून बाडे यांनी लाल प्रकाशाला संवेदनशील असलेल्या छायाचित्रण-काचा वापरायचे ठरवले. त्या काचांना तासन् तास प्रकाश द्यावा लागे. थंडीवाऱ्यात दुर्बिणीशी बसून, आरशाच्या बदलत्या आकारावर आणि हवेच्या थरथरीवर डोळा ठेवून, क्षणाक्षणाला केंद्रण सांभाळावे लागे. १९४३ साली त्या काचांवर देवयानीचा गाभा आणि तिच्या दोन सहचर दीर्घिका हजारो सूक्ष्म ठिपक्यांत विरघळलेल्या दिसल्या. तर्क खरा ठरला. फाट्यांत निळे तारे होते आणि गाभ्यात लाल.

१९४४ साली बाडे यांनी याचा अर्थ मांडला. ताऱ्यांच्या दोन वसाहती आहेत. एखाद्या जुन्या गावात मध्यभागी गावठाण असावे, तेथे वर्षानुवर्षे नवे बांधकाम नसावे, आणि बाहेर रस्त्यांच्या कडेने नवी वस्ती वाढत असावी, तशीच काहीशी ही रचना. धूळ आणि वायू जेथे आहेत त्या फाट्यांत तारे अजून जन्म घेत आहेत. त्यांतील प्रखर निळे तारे इतक्या उधळेपणाने जळतात, की ते फार काळ टिकूच शकत नाहीत. ही पहिली वसाहत. गाभ्यात आणि गोलाकार तारकागुच्छांत नवनिर्मिती केव्हाच थांबली आहे. तेथे उरले आहेत ते म्हातारे तारे. ही दुसरी. हा भेद मुळात वयाचा आहे, हे पुढील दशकात ताऱ्यांच्या जीवनक्रमाचे गणित पक्के झाल्यावर पूर्ण स्पष्ट झाले. एकाच आकाशात आजोबा आणि नातवंडे शेजारी शेजारी राहतात आणि त्यांच्या सवयी वेगवेगळ्या असतात, हे मात्र बाडे यांच्या काचांनी तेव्हाच दाखवून दिले होते.

या शोधाची खरी कसोटी पुढे लागायची होती. देवयानीचे अंतर हबल यांनी काढले होते ते सेफीड ताऱ्यांवरून. वृषपर्वा तारकासमूहातील एका ताऱ्यावरून हे नाव पडले. (देवयानी, शर्मिष्ठा आणि वृषपर्वा यांना आकाशातही शेजार लाभावा, ही आपल्या भाषेतील नक्षत्रनामांची एक गंमत.) सेफीड ताऱ्याचे तेज वाढून घटण्याचा काळ जितका मोठा, तितके त्याचे अंगभूत तेज अधिक, हा नियम हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी शोधला होता. काळ मोजला की तेज कळते आणि तेज कळले की अंतर. बाडे यांना शंका आली ती येथे. नियमाचे आकडे बसवताना गोलाकार गुच्छांतील वृद्ध रूपविकारी ताऱ्यांचा आधार घेतला होता, आणि देवयानीच्या फाट्यांत मोजले होते ते तरुण सेफीड. तरुण आणि वृद्ध दिव्यांना एकच पट्टी लावणे कितपत योग्य?

३ जून १९४८ रोजी माउंट पालोमार येथे २०० इंची दुर्बिणीचे लोकार्पण झाले. हबल यांचे अंतर खरे असेल, तर या दुर्बिणीने देवयानीतील आरआर लायरी जातीचे वृद्ध रूपविकारी तारे दिसायलाच हवे होते. बाडे यांनी ते शोधले, ते दिसेनात. दिसत होते फक्त वृद्ध वसाहतीतील सर्वांत तेजस्वी लाल राक्षसी तारे, आणि तेही जेमतेम, दुर्बिणीच्या आवाक्याच्या अगदी काठावर. आरआर लायरी तारे या लाल ताऱ्यांपेक्षा किती मंद असतात ते गोलाकार गुच्छांवरून ठाऊक होते. त्यामुळे निष्कर्ष टाळता येण्याजोगा नव्हता. देवयानी दीर्घिका मानली होती त्याच्या सुमारे दुप्पट दूर होती. तरुण सेफीड हे वृद्ध सेफीडांपेक्षा सुमारे दीड प्रतीने, म्हणजे जवळजवळ चौपट, तेजस्वी होते. दिव्याचे वय न विचारल्यामुळे विश्व निम्मे मोजले गेले होते.

सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात बाडे यांनी हा निष्कर्ष जाहीर केला. ज्यांचे अंतर त्यांनी खोडून काढले ते हबल त्यांचेच ज्येष्ठ सहकारी होते. दक्षिण आफ्रिकेत काम करणारे डेव्हिड थॅकरे यांनी त्याच बैठकीत लहान मॅगेलनी मेघातील आरआर लायरी ताऱ्यांचे निरीक्षण सांगितले. तेही अपेक्षेपेक्षा मंद निघाले होते. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर एकच आले. त्या बैठकीचे इतिवृत्त लिहीत होते फ्रेड हॉइल, म्हणजे पुढे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे गुरू झालेले ते हॉइल. त्यांच्या दृष्टीने ही बातमी साधी नव्हती. हबल यांच्या अंतरांवरून विश्वाच्या प्रसरणाचा काळ जेमतेम १८० कोटी वर्षे येत होता, तर पृथ्वीवरचे खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचे निघत होते. आईपेक्षा मूल वयाने मोठे! विश्वाला आरंभच नाही, असे सांगणारा स्थिर स्थिती सिद्धांत हॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली मांडला, तेव्हा त्यामागे ही विसंगतीही होती. बाडे यांच्या दुरुस्तीने विश्वाचे वय एका फटक्यात दुप्पट झाले आणि ती अडचण बरीच सैल झाली. आपली आकाशगंगा इतर सर्व दीर्घिकांपेक्षा मोठी भासत असे, तो भ्रमही ओसरला. अंतर दुप्पट झाल्यावर इतर दीर्घिकाही तिच्या तोडीच्या ठरल्या. अतिनवताऱ्यांनाही हा हिशोब लागू झाला. त्यांची तेजे त्याच जुन्या अंतरांवरून काढलेली असल्याने तीही वाढवावी लागली.

यानंतर मान्यता आणि सन्मान येत गेले. १९५४ साली लंडनच्या रॉयल खगोलशास्त्रीय संस्थेचे सुवर्णपदक मिळाले, पुढच्या वर्षी ब्रूस पदक. बाडे यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले असे नव्हे. हंस तारकासमूहातील एका प्रबळ रेडिओ स्रोताच्या जागी त्यांना दोन दीर्घिकांची टक्कर दिसली, त्यावरून मिन्कोव्स्कीशी त्यांनी पैज लावली आणि जिंकलीही. मागाहून कळले की ती टक्कर नव्हतीच. १९३७ च्या त्या अतिनवताऱ्याचे तेज दर ५५ दिवसांनी निम्मे होत गेले होते. हा ऱ्हास कॅलिफोर्नियम या किरणोत्सारी मूलद्रव्यामुळे असावा, असे हॉइल, बर्बिज, फाउलर आणि क्रिस्टी यांच्यासह त्यांनी १९५६ साली मांडले. कारण किरणोत्साराचेच निघाले, पण मूलद्रव्य वेगळे : स्फोटात निर्माण होणारे निकेल कोबाल्टमध्ये आणि कोबाल्ट लोखंडात रूपांतरित होते, त्याचा तो प्रकाश असतो. झ्विकींशी असलेले सख्य तर केव्हाच तुटले होते, इतके की झ्विकींनी त्यांच्यावर अत्यंत कडवट आरोप केले आणि बाडे यांना त्यांची भीती वाटू लागली. न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना ज्या दोन डोक्यांतून निघाली, ती दोन डोकी पुन्हा कधी एकत्र आली नाहीत, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

बाडे यांचा एक दोष त्यांचे चाहतेही नाकारत नसत. ते लिहीत फार थोडे. निरीक्षण करावे, मित्रांना उत्साहाने सांगावे आणि काच कपाटात ठेवून द्यावी, असा त्यांचा क्रम. देवयानीतील शेकडो रूपविकारी ताऱ्यांच्या काचा साठल्या होत्या. १९५२ पासून हेन्रिएटा स्वोप यांनी त्यांचे मोजमाप हाती घेतले आणि त्यांचे निष्कर्ष १९६३ व १९६५ साली, बाडे यांच्या मृत्यूनंतर, छापून आले. सेफीडांचा नियम शोधणारी एक हेन्रिएटा आणि त्या नियमाच्या दुरुस्तीला पक्का आधार देणारीही दुसरी हेन्रिएटाच. दोघींच्या चिकाटीची दखल मात्र त्यांच्या हयातीत पुरेशी घेतली गेली नाही.

१९५८ साली बाडे निवृत्त झाले. त्या वर्षी त्यांनी हार्वर्डला दिलेली व्याख्याने सिसिलिया पेन-गॅपोश्किन यांनी संपादित करून १९६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. बाडे यांच्या विचारांची सलग मांडणी वाचायची तर हाच ग्रंथ हाती घ्यावा लागतो. १९५९ मध्ये ते गटिंगेनला, जेथून डॉक्टरेट घेतली तेथेच, प्राध्यापक म्हणून परतले. कमरेचे जुने दुखणे वाढले होते, म्हणून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. २५ जून १९६० रोजी श्वसनक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. वय ६७ होते. पुढील दहा वर्षांच्या आतच खेकडा तेजोमेघातील त्यांनी दाखवलेला तारा सेकंदाला सुमारे तीस वेळा लुकलुकणारा न्यूट्रॉन तारा असल्याचे सिद्ध झाले.

त्यांचा १९३८ चा मापदंड मात्र अजून वापरात आहे, आणि बाडे यांनी सेफीडांना विचारलेला प्रश्न आता त्यालाच विचारला जात आहे. मिन्कोव्स्कीच्या पहिल्या प्रकारातूनही १९८० च्या दशकात पोटजाती निघाल्या. त्यांतील एक-ए ही तेवढी अंतरमापनाला योग्य ठरली. श्वेत बटू ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट या मर्यादेपाशी पोहोचले की असा स्फोट होतो, असे सामान्यतः मानले जाते. ती मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली भारतातून इंग्लंडला जाताना बोटीवर केलेल्या गणितातून उगम पावली. मर्यादा एकच म्हणून स्फोटही एकसारखा, असा हा युक्तिवाद. तरीही स्फोट अगदी तंतोतंत सारखे नसतात. १९९३ साली मार्क फिलिप्स यांनी दाखवले, की जे सावकाश मंदावतात ते मुळात अधिक तेजस्वी असतात. त्यानुसार दुरुस्ती करून १९९८ साली दोन गटांनी दूरचे अतिनवतारे मोजले. ते अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे अधिक दूर, निघाले. त्यावरून विश्वाचे प्रसरण वेगावत आहे असे ठरले आणि २०११ चे नोबेल पारितोषिक सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना मिळाले.

येथे बाडे यांची सावली पडते. दूरचा अतिनवतारा पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे, आणि त्या भूतकाळात तारे आजच्यापेक्षा तरुण होते. तारे जन्मत असलेल्या दीर्घिकांतील स्फोट काहीसे तेजस्वी व संथ, आणि वृद्ध दीर्घिकांतील काहीसे मंद व झटपट विझणारे असतात, हे १९९० च्या दशकापासून ठाऊक आहे. फिलिप्स यांच्या दुरुस्तीने हा फरक पूर्णपणे निघून जातो का, की वयाचा काही अंश मागे राहतो? दक्षिण कोरियातील योन्सेई विद्यापीठातील यंग-वूक ली आणि त्यांचे सहकारी २०२० पासून आग्रहाने सांगत आहेत, की तो राहतो. तरुण ताऱ्यांतून झालेले स्फोट दुरुस्तीनंतरही थोडे मंद भरतात, आणि हे लक्षात घेतले तर प्रसरणाच्या वेगवाढीचा पुरावा डळमळतो. रीस आणि इतर संशोधकांना ते मान्य नाही. दीर्घिकांची वये ठरवण्याच्या पद्धतीवर आणि उदाहरणांच्या निवडीवर त्यांचे आक्षेप आहेत, शिवाय वेगवाढीचा पुरावा केवळ अतिनवताऱ्यांवर विसंबून नाही, असे ते दाखवतात. वाद निकाली निघालेला नाही. नोबेल मिळालेल्या निष्कर्षालाही हा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांना उत्तर आकड्यांनी दिले जाते.

चिलीतील लास कांपानास येथील डोंगरमाथ्यावर साडेसहा मीटर व्यासाच्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत. त्यांतील एक वाल्टर बाडे यांच्या नावाने ओळखली जाते. दूरच्या दीर्घिकांतील एक-ए जातीच्या अतिनवताऱ्यांचे तेज अवरक्त प्रकाशात मोजण्याचे काम तिच्यावरही झाले आहे.